भुकेचे माप : पां. वा. सुखात्मे यांचे जीवनकार्य

विसाव्या शतकातील भारतीय संख्याशास्त्राच्या इतिहासात पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांचे नाव दोन संदर्भांत घेतले जाते. शेतातील उभ्या पिकाचा अंदाज नमुना-पाहणीने घेण्याची पद्धत देशात रुजविणाऱ्यांपैकी ते एक होते, हा पहिला संदर्भ. आणि भुकेल्या माणसांची गणना कशी करावी याविषयी त्यांनी मांडलेला, आजही वादग्रस्त असलेला विचार, हा दुसरा. वरवर पाहता हे दोन निराळे विषय वाटतात. परंतु त्यांच्या आयुष्याकडे सलगपणे पाहिले असता दोहोंच्या मुळाशी एकच प्रश्न दिसतो. मोजणाऱ्याच्या हातून माप बिघडते कसे, आणि त्या बिघाडाचा हिशेब कसा मांडावा, हा तो प्रश्न होय. पिकापासून ताटापर्यंतचा त्यांचा प्रवास हा या एका प्रश्नाचा प्रवास आहे.

सुखात्मे यांचा जन्म २७ जुलै १९११ रोजी सातारा जिल्ह्यातील बुध या गावी झाला. खटाव तालुक्यातील हा भाग अवर्षणप्रवण. पाऊस हुकला की ज्वारी-बाजरीचे पीक हुकणार, आणि पीक हुकले की घरातील भाकरीचा आकार बदलणार, हे तेथे कोणाला शिकवावे लागत नाही. पुढील शिक्षणासाठी ते पुण्यास आले आणि १९३२ साली फर्ग्युसन महाविद्यालयातून गणित हा मुख्य विषय घेऊन पदवीधर झाले. त्यानंतर ते लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात दाखल झाले. संख्याशास्त्राच्या दृष्टीने त्या वेळी जगात याहून अधिक गजबजलेले ठिकाण क्वचितच असेल. रोनाल्ड फिशर आणि एगॉन पिअर्सन तेथे होते. येर्झी नेमन यांनी १९३४ साली प्रातिनिधिक नमुन्याविषयीचा आपला पायाभूत निबंध सादर केला होता. दुसऱ्याच वर्षी, १९३५ साली, तरुण सुखात्मे यांनी त्याच विषयावर आपला निबंध प्रसिद्ध केला. लोकसंख्येचे थर पाडून प्रत्येक थरातून किती नमुने घ्यावेत, हे ठरविण्यासाठी त्या थरांतील विचरण आधी ठाऊक असावे लागते. आणि ते विचरणही लहान नमुन्यावरूनच काढले असेल तर काय होते, हा त्यांचा विषय होता. १९३६ साली त्यांना पीएच.डी. आणि १९३९ साली डी.एससी. ही पदवी मिळाली. मापाच्या साधनाचेच माप आधी घ्यावे, ही पुढे आयुष्यभर टिकलेली सवय या पहिल्या लेखनातच दिसते.

मायदेशी परतल्यावर कलकत्त्याच्या अखिल भारतीय आरोग्य व सार्वजनिक स्वास्थ्य संस्थेत त्यांनी अल्पकाळ अध्यापन केले आणि १९४० साली ते दिल्लीच्या इंपीरियल कौन्सिल ऑफ अ‍ॅग्रिकल्चरल रिसर्चमध्ये रुजू झाले. तो काळ कृषी-आकडेवारीच्या कसोटीचा होता. पिकाचा अंदाज महसूल खात्याच्या आणेवारीवर अवलंबून असे. गावकामगार नजरेने पाहून सोळा आण्यांपैकी किती आणे पीक आले ते ठरवी. सारा-माफीचा प्रश्न त्याला जोडलेला असल्याने नजर क्वचितच निःपक्षपाती राही. १९४३ च्या बंगालमधील दुष्काळाने या अंदाजांचे पोकळपण लाखो प्राणांच्या किमतीवर उघडे पाडले.

आणेवारीला पर्याय म्हणून यदृच्छ पद्धतीने गाव निवडावे, गावातून शेत निवडावे, शेतातून ठराविक मापाचा तुकडा आखावा, त्यातील पीक प्रत्यक्ष कापून, झोडपून, वजन करावे, अशी पद्धत पुढे आली. इंदूर येथे कापसावर काम केलेले वि. गो. पानसे या कार्यात सुखात्मे यांचे निकटचे सहकारी होते. पण तुकडा केवढा असावा, यावर मतभेद झाला. कलकत्त्यास प्रशांतचंद्र महालनोबीस यांचा कल लहान तुकड्यांकडे होता. खर्च कमी, संख्या अधिक. सुखात्मे यांनी गव्हाच्या प्रत्यक्ष पाहणीच्या आधारे १९४६ व १९४७ साली दाखवून दिले की, तुकडा जितका लहान तितका उत्पन्नाचा अंदाज फुगतो. कारण साधे होते. तुकड्याच्या कडेवर उभी असलेली रोपे आत धरावीत की बाहेर, असा प्रश्न पडला की कापणाऱ्याचा हात ती आत ओढतो. लहान तुकड्यात क्षेत्राच्या मानाने कडेची लांबी जास्त, म्हणून चूकही जास्त. यातील बोध दूरगामी होता. यदृच्छ चूक नमुन्यांची संख्या वाढविली की घटते. एकाच दिशेने झुकणारी चूक दहा हजार तुकडे कापले तरी तशीच राहते, उलट आकड्याच्या भव्यतेमुळे ती अधिक विश्वसनीय भासू लागते.

१९४७ साली भारतीय कृषी संख्याशास्त्र संस्था स्थापन झाली, डॉ. राजेंद्रप्रसाद तिचे पहिले अध्यक्ष होते आणि तिच्या उभारणीत सुखात्मे यांचा वाटा मोठा होता. परिषदेच्या ज्या संख्याशास्त्र शाखेची घडी त्यांनी बसविली, तिचेच पुढे दिल्लीच्या कृषी संख्याशास्त्र संशोधन संस्थेत रूपांतर झाले. नमुना-सिद्धान्तावरील त्यांचा ग्रंथ आणि पानसे यांच्यासह लिहिलेले कृषी कार्यकर्त्यांसाठीचे संख्याशास्त्रीय पद्धतींचे पुस्तक, ही दोन्ही १९५४ साली प्रसिद्ध झाली व पुढील अनेक पिढ्यांची पाठ्यपुस्तके ठरली.

तोपर्यंत सुखात्मे रोमला पोहोचले होते. १९५१ साली ते संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत संख्याशास्त्र विभागाचे संचालक झाले आणि सुमारे वीस वर्षे तेथे राहिले. जगातील दोन-तृतीयांश माणसे उपाशी आहेत, असे त्या काळी व्यासपीठांवरून सांगितले जाई. हा आकडा देशोदेशींचे सरासरी अन्न आणि सरासरी गरज यांची वजाबाकी करून आलेला होता. एखाद्या देशाची सरासरी गरजेहून कमी भरली की तो सारा देश उपाशी, असा त्याचा अर्थ होई. सुखात्मे यांनी १९६१ साली लंडनच्या रॉयल स्टॅटिस्टिकल सोसायटीच्या नियतकालिकातील प्रदीर्घ निबंधात या हिशेबाची फेरतपासणी केली. सरासरीभोवती अन्नाची वाटणी कशी पसरलेली आहे ते पाहावे, गरजेतही माणसागणिक फरक असतो तो ध्यानी घ्यावा, आणि मग कोण निश्चित कमी खातो ते ठरवावे, अशी त्यांची मांडणी होती. या मार्गाने प्रत्यक्ष पोटभर न मिळणाऱ्यांचे प्रमाण जगाच्या लोकसंख्येच्या १० ते १५ टक्के निघाले. निकृष्ट आहारामुळे कुपोषित असणाऱ्यांचे प्रमाण त्याहून पुष्कळ मोठे होते. १९६३ साली सोसायटीने त्यांना गाय रौप्यपदक दिले. आकडा खाली आला म्हणून भुकेचे गांभीर्य कमी केल्याचा आरोप त्यांच्यावर तेव्हापासूनच होऊ लागला. तो त्यांचा पिच्छा अखेरपर्यंत सोडणार नव्हता.

या टप्प्यावर मूळ अडचण कोठे आहे हे स्पष्ट व्हावे म्हणून छत्तीसगडातील रायपूर परिसरातील एखादे शेतमजुराचे घर डोळ्यांपुढे आणावे. धानाचा कटोरा म्हणून ओळखला जाणारा हा मुलूख. रात्री शिजलेला भात पाण्यात भिजवून ठेवायचा आणि सकाळी त्या पाण्यासह, मीठ, कांदा, चटणी वा भाजीबरोबर बासी म्हणून खायचा, ही येथील जुनी रीत. आहार मोजण्याच्या प्रचलित पद्धती या घरात आणल्या तर काय होते?

वजन-पद्धतीत अन्वेषक शिजविण्यापूर्वीचा तांदूळ तोलतो. पण आज शिजलेला भात उद्या बासी होणार. म्हणजे एका दिवसाचे माप दोन दिवसांत विभागले जाते. भाताचा पसिया, म्हणजे पेज, गाळून टाकला, कोणी प्याला की जनावरांपुढे ठेवला, यावर पोषणाचा हिशेब बदलतो. बासीचे वाडगे तोलले तर त्यात भात किती आणि पाणी किती, हे तराजू सांगत नाही. स्मरण-पद्धतीत मागील चोवीस तासांत काय खाल्ले ते विचारले जाते. बाई उत्तर देते, पण ती सर्वांत शेवटी जेवते आणि तिचे स्वतःचे ताट बहुधा ताट नसतेच. भांड्यात उरले ते तिचे. पाहुण्यासमोर घरची तूट सांगण्याचा संकोचही असतो. घरातील काठा वा पायली हे आकारमानाचे माप. त्याचे वजनात रूपांतर करताना धानाची जात आणि ओलावा आड येतात. तिजाच्या दिवशी विवाहित स्त्री निर्जळी उपवास करते, त्याच सणाला ठेठरी-खुरमी तळली जाते. त्या आठवड्यात अन्वेषक आला तर कोणता दिवस नेहमीचा समजावा? शिवाय वर्षभराच्या करारावर राबणारा सौंजिया, म्हणजे आपल्याकडील सालदार, मालकाच्या घरी जेवत असेल तर खर्चाच्या पाहणीत त्याचे अन्न मालकाच्या नावावर चढते. श्रीमंत घर अधिक खाणारे आणि गरीब घर कमी खाणारे दिसते. दोन्ही आकडे खोटे, दोन्ही विरुद्ध दिशांना झुकलेले.

राष्ट्रीय नमुना पाहणी १९५० पासून कुटुंबांच्या खर्चाची नोंद करीत आली. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या अंतर्गत १९७२ साली सुरू झालेल्या नॅशनल न्यूट्रिशन मॉनिटरिंग ब्यूरोने निवडक राज्यांत, त्यांत तेव्हाच्या मध्य प्रदेशात, ताटाजवळ जाऊन आहार मोजला. दोहोंच्या आकड्यांत तफावत पडे. सुखात्मे यांना या तफावतीत गव्हाच्या तुकड्याची कड दिसली असल्यास नवल नाही. येथेही कडेवरचा घास आत धरावा की बाहेर, हे मोजणारा आणि सांगणारा मिळून ठरवीत होते.

पण त्यांचा मुख्य आक्षेप याहून खोल होता. तोल अगदी अचूक असला, स्मरण निर्दोष असले, तरी एका दिवसाचे माप म्हणजे त्या माणसाचा आहार नव्हे. एकच माणूस रोज सारखे खात नाही. त्याच्या रोजच्या आहारात सरासरीभोवती सुमारे १५ टक्के प्रमाण-विचलन असते, असे ते दाखवीत. उदाहरणापुरते असे समजावे की, एका मजुराचा आहार दीर्घकाळात सरासरी २४०० उष्मांक आहे आणि उपासमारीची रेषा २२५० वर आखली आहे. १५ टक्क्यांच्या हिशेबाने विचलन ३६० उष्मांकांचे होते. हा माणूस रेषेच्या वर आहे. तरी जवळजवळ दर तीन दिवसांतील एका दिवशी तो रेषेखाली सापडेल. सात दिवसांची सरासरी घेतली आणि दिवस परस्परांपासून स्वतंत्र मानले, तर ही शक्यता सातात एकवर येते. म्हणजे एका दिवसाच्या पाहणीवरून रेषेखालील माणसे मोजली तर माणसामाणसांतील खरा फरक आणि एकाच माणसाचा दिवसादिवसांतील फरक एकत्र मिसळतात आणि टोकाची संख्या फुगते. आहार-पाहणीच्या शास्त्राला सुखात्मे यांच्याकडून मिळालेला हा धडा वादातीत राहिला आहे.

प्रथिनांच्या प्रश्नातही त्यांनी हीच दृष्टी वापरली. १९६८ च्या सुमारास जगात प्रथिनांचे संकट कोसळणार असल्याचा इशारा संयुक्त राष्ट्रांच्या वर्तुळातून दिला गेला आणि माशांची भुकटी, तेलबियांची पेंड, कृत्रिम मिश्रणे यांच्या योजना पुढे आल्या. सुखात्मे यांनी १९७० साली भारतीय आहारांचे विश्लेषण करून दाखविले की, धान्य आणि डाळ यांवर जगणारा माणूस पोटभर जेवला तर त्याला प्रथिनेही बहुधा पुरेशी मिळतात. उष्मांक कमी पडले की शरीर प्रथिनेच इंधन म्हणून जाळते. तेव्हा तूट प्रथिनांची नसून जेवणाची आहे. पुढे तज्ज्ञ समित्यांनी प्रथिनांच्या गरजेचे आकडे खाली आणले आणि ती योजनांची लाट ओसरली. १९७१ साली भारत सरकारने त्यांना पद्मभूषण देऊन गौरविले.

निवृत्तीनंतर ते पुण्यास स्थायिक झाले आणि महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत काम करू लागले. कॅलिफोर्नियातील बर्कली येथील शेल्डन मार्गेन यांच्या सहकार्याने त्यांनी आता पुढचे पाऊल टाकले. ब्रिटिश सैन्यातील नवशिक्या सैनिकांचे रोजचे खाणे आणि रोजची ऊर्जा खर्च यांच्या नोंदी त्यांनी नव्याने तपासल्या. दिवसांचे आकडे परस्परांपासून स्वतंत्र नसून कालचा आकडा आजच्यावर छाया टाकतो, असे त्यांस आढळले. यावरून त्यांनी १९७८ ते १९८२ या काळात असे प्रतिपादन केले की, शरीर आपला ऊर्जेचा ताळेबंद स्वतः नियमित करते. काही मर्यादेत ते कमी अन्नावर अधिक काटकसरीने चालू शकते. म्हणून गरज हा एक ठरलेला आकडा नव्हे, ती एक पट्टी आहे. सरासरीतून दुप्पट विचलन वजा केले की त्या पट्टीची खालची कड मिळते, आणि ती सरासरीच्या सुमारे ७० टक्क्यांवर येते. याखाली जो दीर्घकाळ राहतो तोच निश्चित अल्पपोषित.

हे विधान शास्त्रीय नियतकालिकापुरते राहणे शक्य नव्हते. पुण्यातच गोखले अर्थशास्त्र संस्थेत वि. म. दांडेकर होते. नीलकंठ रथ यांच्यासह १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या दारिद्र्यविषयक अभ्यासात त्यांनी दरडोई २२५० उष्मांक विकत घेऊ शकणारा खर्च ही दारिद्र्याची कसोटी मानली होती. सुखात्मे यांची रेषा स्वीकारली तर त्या कसोटीवर गरीब ठरलेले कोट्यवधी लोक एका वजाबाकीने गरिबीतून बाहेर पडत होते. मुंबईच्या इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकलीच्या पानांवर १९८१-८२ साली या दोन पुणेकरांचा वाद रंगला. दोघेही संख्याशास्त्राचे जाणकार. त्यामुळे वाद भावनेच्या पातळीवर घसरला नाही, पण त्याची धार मात्र कमी नव्हती.

विरोधकांचे मुद्दे वजनदार होते. पाहणीतील आकडे कुटुंबाच्या महिन्याच्या सरासरीचे असताना एका माणसाच्या रोजच्या चढउतारावरून काढलेली कड त्यांना लावता येईल काय? पोटभर खाणाऱ्या सैनिकाचे एखाद्या दिवशी कमी खाणे आणि मजुराचे वर्षानुवर्षे कमी खाणे, या दोन गोष्टी एकच कशा? पोषणशास्त्रज्ञ सी. गोपालन यांचा आक्षेप आणखी स्पष्ट होता. कमी अन्नाशी जुळवून घेतलेले शरीर म्हणजे निरोगी शरीर नव्हे. त्या जुळणीची किंमत मुलांची खुंटलेली उंची, मंदावलेले काम आणि न खेळलेले खेळ या रूपाने मोजली जाते. अर्थशास्त्रज्ञ टी. एन. श्रीनिवासन यांच्यासारखे काही अभ्यासक सुखात्मे यांच्या बाजूने उभे राहिले. परंतु शरीर आपली कार्यक्षमता एवढ्या मोठ्या प्रमाणात वाढवू शकते, या दाव्याला पुढील प्रयोगांतून भक्कम आधार मिळाला नाही. १९८५ साली प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ-अहवालाने तर ऊर्जेची गरज खाण्यावरून ठरविण्याचाच मार्ग सोडून ती शरीराच्या खर्चावरून ठरवावी असे सुचविले. त्याच दशकात विशिष्ट समस्थानिकयुक्त पाणी पाजून माणसाचा प्रत्यक्ष ऊर्जाव्यय मोजण्याची पद्धत हाती आली आणि लोक आपले खाणे किती कमी सांगतात हे वारंवार दिसून आले.

येथे सुखात्मे यांच्या जीवनातील विसंगती लक्षात येते. कडेचे रोप आत ओढणारा हात त्यांनी तरुणपणी अचूक ओळखला होता. उत्तरायुष्यात मात्र रेषा खाली ओढताना आपल्या गृहीताचा हात कोठवर पोहोचतो आहे, याची तेवढीच कठोर झडती त्यांनी घेतली असे म्हणता येत नाही. मापातील चढउतार ही एक गोष्ट आणि गरजेतील चढउतार ही दुसरी. पहिलीचा पुरावा दुसरीला पुरत नाही. तरीही त्यांच्या हेतूवर घेतलेला संशय अन्यायाचा होता. भुकेल्यांची संख्या कमी दाखविणे हे त्यांचे उद्दिष्ट नव्हते. जे निःसंशय उपाशी आहेत त्यांच्यापर्यंत साधने आधी पोहोचावीत, असे त्यांना वाटे. खाल्लेले अन्न अंगी लागत नसेल तर त्याचे कारण दूषित पाणी, जुलाब आणि अस्वच्छता यांत शोधावे, हा त्यांचा अखेरच्या काळातील आग्रह होता. ताटात काय पडते एवढेच मोजून भागणार नाही, शरीरात काय उरते तेही पाहावे, हा त्यातील विचार आज सर्वमान्य झाला आहे.

दांडेकर १९९५ साली गेले. सुखात्मे यांचे निधन २८ जानेवारी १९९७ रोजी झाले. त्यांच्या नावे भारत सरकार संख्याशास्त्रातील राष्ट्रीय पुरस्कार देते. अन्न व कृषी संघटना दरवर्षी जगातील अल्पपोषितांचे जे प्रमाण प्रसिद्ध करते, त्याची मूळ चौकट १९६१ च्या त्या निबंधातील आहे. आणि त्या आकड्यांवरून सरकारे व तज्ज्ञ यांच्यात आजही वाद झडतात.

या वादाचे एक उत्तर, कदाचित अजाणता, रायपुरात दिले गेले. छत्तीसगडच्या विधानसभेने डिसेंबर २०१२ मध्ये अन्नसुरक्षेचा कायदा संमत केला. कोण किती उष्मांक खातो हे मोजून पात्र घरे निवडण्याऐवजी त्या कायद्याने सुस्थितीतील थोडी घरे वगळली आणि उरलेल्या बहुतेकांना स्वस्त धान्याचा हक्क दिला. गरीब घरांना दरमहा ३५ किलो. माप जेथे चुकण्याची शक्यता मोठी, तेथे चूक कोणत्या बाजूने व्हावी हे आधी ठरविणे, असा त्याचा अर्थ होतो. संख्याशास्त्रात दोन प्रकारच्या चुकांचा विचार नेमन व पिअर्सन यांनी मांडला, आणि सुखात्मे यांनी तो त्यांच्याजवळच शिकला होता. उपाशी माणसाला पोटभर समजणे आणि पोटभर जेवणाऱ्याला उपाशी समजणे, या दोन चुकांचे मोल सारखे नसते. त्यांपैकी कोणती चूक सहन करायची हे ठरविण्यासाठी लागणारे गणित सुखात्मे यांनी या देशाला दिले. निवड मात्र गणिताबाहेरची होती, आणि तिच्यावरच त्यांचे समकालीन त्यांच्याशी भांडले.